तिघं आत, दोघं बाहेर

१२ नोव्हेंबर २००५

आज नव्या घरी राहायला आलो. लोणी काळभोरच्या अलीकडे, अगदी नदीकाठी. कोथरूडच्या सोसायटीत चौदा वर्षं 'जिन्यात मोठ्याने बोलू नये' ही पाटी वाचत काढली. इथे पाटी नाही आणि वाचायला शेजारीही नाहीत. नंदा म्हणाली, आता तुमच्याशी भांडायला मी एकटीच उरले.

वर्ध्याहून एक जुनी मॅटडोर घेऊन पुण्यात आलो होतो. आज माझ्या बावीस बसगाड्या हिंजवडीच्या कंपन्यांत पोरं पोचवतात. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठलं बेअरिंग जायला आलंय. आता धंदा मुलगा दिग्विजय बघतो. मी पाखरं बघणार. डिजिटल कॅमेरा, लांब लेन्स आणि ही वही, एवढा संसार पुरे.

संध्याकाळी बंधाऱ्यावर जाऊन आलो. पाण्याला वास आहे, फेस आहे, जलपर्णी आहे. पाखरांची मात्र तक्रार नाही. शेकाटे दीडशे तरी असतील. तुतवार, दोन चित्रबलाक. शेकाटे लाल काडीसारखे पाय असे उचलून टाकतात, जणू नवी चप्पल चावतेय.

१४ नोव्हेंबर

बंधाऱ्यावर कचरू म्हणून मासे धरणारा आहे. म्हातारी आई सोजरबाईबरोबर तिथेच राहतो. त्याने उथळ पाण्यात बांबू आणि उसाच्या पाचटाचं एक लपण बांधलंय. माणूस बसेल एवढी खोप, समोर कॅमेऱ्यापुरती फट.

तिथली रीत मजेची. दोघांनी आत शिरायचं आणि एकाने परत जायचं. पाखरांना मोजता येत नाही. एक जाताना दिसला की त्यांना वाटतं, खोप रिकामी झाली. मग आतल्याने गप बसायचं आणि न्यायला माणूस येईस्तोवर बाहेर पडायचं नाही. मी विचारलं, माझा मीच बाहेर आलो तर? तो म्हणाला, नाय यायचं. या माणसाने पुण्यात दुकान घातलं तर उत्तम चालेल.

रीत मात्र खरी निघाली. कचरू गेला आणि दहा मिनिटांत शेकाटे माझ्यापासून बारा फुटांवर.

१७ नोव्हेंबर

संगणकावर फोटो पाहिले. शेकाट्यांच्या मागे आणखी दोन पाय आहेत. राखाडी, मनगटाएवढे जाड. बगळ्याचे म्हणावे तर वर पोट दिसत नाही. कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोतही पाय थेट वरच्या कडेपर्यंत गेलेत. मधला सांधा शेकाट्यांच्या डोक्यांच्या बराच वर आहे आणि मागे वाकतो.

नंदाने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, जाळ्याचे बांबू असतील, उगाच काय. मी मान्य केलं. पुढच्या फोटोत ते बांबू जवळ आलेत, हे तिला दाखवलं नाही.

२० नोव्हेंबर

लपणात बसलो असताना डेपोतून फोन आला. हायवेवर गाडी बंद पडली होती, चाळीस पोरं रस्त्यावर. कचरूची वाट न बघता निघालो.

पाखरं उडाली. मग मागून आवाज आला. टप. टप. पाण्यात पाणी पडत होतं. गाडीखाली गळणारं तेल आणि टाकीवरून पडणारा थेंब यांतला फरक मला झोपेतही कळतो. हा थेंब पहिल्या मजल्याइतक्या उंचीवरून पडत होता. वळून पाहिलं तर नुसती जलपर्णी.

कचरू बंधाऱ्यावरून धावत आला. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला.

२१ नोव्हेंबर

सोजरबाईंना गाठलं. त्या जाळं विणत होत्या. म्हणाल्या, ही रीत पाखरांसाठी न्हाई बाबा, पाण्यातल्यासाठी हाय. त्याला मोजता येत नव्हतं. रिकाम्या खोपीतून तुला निघताना बघितलं, आता त्याला दोन कळाय लागलं.

उपाय विचारला. त्या म्हणाल्या, जाऊ नको. मी हटलो नाही, तेव्हा जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाल्या, जायचंच तर तिघं जा आन् दोघं माघारी या. तीन अजून कळत नसंल.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

खरं लिहायचं तर काल बंधाऱ्यावर काळा करकोचा उतरलाय. इकडे असा पाहुणा क्वचितच. त्याचा फोटो मला हवाच आहे. आणि नदीकाठच्या प्रत्येक गावात बिल्डरला पळवून लावायला एखादी गोष्ट असतेच.

२६ नोव्हेंबर, सकाळी ७

लपणात. मी, कचरू आणि ड्रायव्हर पोपट असे तिघं आलो. ते दोघं परत गेले. पोपटला वाटतं, मालकाला वेड लागलंय. कचरूच्या हट्टाने मोबाइल गाडीत ठेवलाय. पोपट गाडी घेऊन घरी जाईल. कचरू नऊला न्यायला येईल.

७.४०

करकोचा आला. पाण्यात उभा राहिला, मान वळवली, ऊन पंखावर पडलं आणि हिरवं जांभळं चमकलं. साठ फोटो. सगळं भरून पावलं.

८.१५

करकोचा गेला. शेकाटेही गेले. उडाले नाहीत. चालत बाजूला झाले, वाट दिल्यासारखे.

टप.

थेंब छपरावर पडतोय. आभाळ निरभ्र आहे.

९.०५

कचरू आला. पाण्यातून चपक चपक पावलं ऐकली. म्हणाला, मालक, चला. मग अर्धं पाऊल. मग काहीच नाही. ओरडलाही नाही. बऱ्याच वेळाने फटीसमोरून त्याची एक चप्पल वाहत गेली.

९.४०

ते समोर उभं आहे. माझ्या आणि बंधाऱ्याच्या मध्ये. फटीतून सांध्यापर्यंतच दिसतं. हलत नाही.

मी आत आहे हे त्याला माहीत नाही. निदान खात्री नाही. तिघं आले, दोघं गेले. मग हा एक परत कोणाला न्यायला आला — उभं राहून तेच ठरवतंय.

११.२०

पायात गोळे. खोकला दाबलाय. पेन्सिलीचा आवाज होतो. हळू लिहितो —

१२.१०

माझी गाडी. पोपटने बंधाऱ्यावर थांबवली. दार. नंदा.

डबा घेऊन आली. जेवायला येत नाही म्हणून तिकडूनच बोलतेय. अहो, पाखरं काय वाढणार आहेत का तुम्हाला, म्हणते.

चपला काढल्या. पाण्यात उतरली. समोरचे पाय तिला जाळ्याचे बांबूच वाटले असतील.

पाय तिच्याकडे वळले. एक उचलला — पाण्याचा आवाज नाही —

गप्प राहिलो तर खोप रिकामीच राहील. मी वाचेन.

पंचवीस पावलं असेल. वीस. काठ अजून तिच्या मागे जवळ आहे. हाक ऐकली की ती आधी थांबते, मग भांडते. तीस वर्षं —

लिहून झालं की वही छपरात खोचेन —

हाक मारली. मागे फीर म्हणालो. थांबली. पोपट धावला, दंड धरून ओढतोय तिला — काठावर — काठावर पोचली —

पाय आता इकडे