ताट पालथं घालणार नाही

१२ ऑक्टोबर १९४८, दसरा

पोचलो एकदाचे! भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसहून धूळ खात मोटार आणि शेवटी रेवदंड्याच्या कोटात शिरणारी बैलगाडी. आमची लेक चिमी वाटेत दोनदा ओकली. सासूबाईंनी गाडीवानाला घर आलं का म्हणून इतकं विचारलं, की तो बिचारा बैलांशी बोलतोय असं दाखवायला लागला.

घर मात्र झकास आहे. यांचे मावसभाऊ हरेश्वर भावोजी मुंबईला असतात, त्यांनी चावी हातात ठेवली आणि म्हणाले, राहा हवं तितकं. लाल कौलं, पुढं ऐसपैस ओटी, मागं नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्रच. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं दार लाटांकडे. निर्वासितांच्या छावणीतल्या त्या पत्र्याच्या खोलीनंतर हे म्हणजे राजवाडाच म्हणायचा.

सगळे म्हणतात, आपल्या देशात आलात. अहो, माझा जन्म कराचीत, शाळा कराचीत, लग्न कराचीत. इथली हवा ओली, इथलं पाणी जड, इथली बोली निम्मी डोक्यावरून जाते. माझ्यासाठी हा परदेशच. पण रडत बसायला मी काही आले नाही. इथं घर मांडायचं ठरवलंय आणि ते मी मांडणार.

जानेवारीत आम्ही निघालो, हे मागे राहिले. गोदीतल्या कामाचा चार्ज दिल्याशिवाय निघणं बरं दिसत नाही म्हणाले. मग आगबोटीत जागा मिळेना, तेव्हा एका गलबतावर चढले. आमच्या शेजारच्या तुकारामनं कराचीतल्या केमारीच्या धक्क्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते गलबत मुंबईला लागलं नाही. लोक त्याचा काय तो अर्थ काढतात. मी काढत नाही.

चूल पेटल्याबरोबर सासूबाईंनी नेहमीचं काम केलं. लेकाचं ताट वाढलं. रोज दुपारी पाट मांडायचा, ताट वाढायचं आणि हाक मारायची, सदा, जेवायला ये रे. थोडा वेळ वाट बघायची, मग त्याच ताटात मी जेवते. नवऱ्याच्या ताटात जेवायची आमच्याकडे रीतच आहे. इथं माजघरात घामाच्या धारा लागतात, म्हणून पाट मागच्या दाराशी मांडला आणि वाऱ्यासाठी दार सताड उघडलं. काय सुरेख वारा आला म्हणून सांगू!

१५ ऑक्टोबर

शेजाऱ्यांना आम्ही 'कराचीवाले'. एक बाई तर 'निर्वासित' म्हणाली तोंडावर. मी म्हटलं, बाई, मला नाव आहे, द्वारका, आणि ते उच्चारायला सोपं आहे.

मासे घेऊन सोनूबाई कोळीण येते. तोंडाळ, पण मनानं निर्मळ. तिला मी आमच्याकडच्या काटेरी पण चवदार पल्ला माशाचं कौतुक सांगितलं तर म्हणाली, काटेच मोजायचे तर माझी करली घे ना, वयनी. दोघी पोट धरून हसलो.

मग तिची नजर मागच्या दाराशी गेली. ताट वाढलेलं होतं, सासूबाई हाक मारत होत्या. सोनूबाईचा चेहरा एकदम उतरला. मला वाडीत ओढून नेलं. म्हणाली, वयनी, ह्यो काय करता? दर्यावर गेलेला माणूस उंबऱ्यात पाय ठेवीत न्हाय तोवर त्याच्या नावाचं ताट वाढायचं न्हाय. आणि दर्याकडचं दार उघडं टाकून तर कधीच न्हाय. दर्यात भुकेले खूप. ज्याला हाक ऐकू येईल तो येतो.

जो परत येत नाही, त्याच्या बायकोनं आपल्या हातानं ताट पालथं घालायचं, अशी कोळ्यांची रीत. पालथं घातलं की ते नाव या घरातून सुटलं. माणूस मेलेला असो की जिता, या घरचा घास पुन्हा त्याला नाही.

मी म्हटलं, आमचे हे कोळी नव्हेत, गोदीतले कारकून आहेत. तिनं कपाळाला हात लावला.

१८ ऑक्टोबर, कोजागिरी

पुनवेची भरती भर दुपारी येते हे आज कळलं. पाणी वाडीच्या कुंपणापर्यंत चढलं. चिमी टाळ्या पिटत होती.

जेवायला बसले तर भात खारट ढोण. मला वाटलं सासूबाईंनी दोनदा मीठ घातलं, त्यांना वाटलं मी घातलं. चांगलीच जुंपली आमची. नंतर पातेल्यातला भात चाखून पाहिला तर तो अळणीच होता. फक्त ताटातला खारट. ताटात मध्यभागी बोटांनी उकरल्यासारखा खड्डा होता आणि पाट ओला होता.

मांजर असेल. मांजराला मीठ कुठून मिळालं, ते मात्र कळत नाही.

२१ ऑक्टोबर

आज कोळवाड्यातला मोठा माणूस, धर्माजी, सोनूबाईला घेऊन आला. ओटीवर टेकला आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, पोरी, ताट पालथं घाल. तुझ्यासाठी सांगतो आणि गावासाठीही.

माझा तोल सुटला. मी म्हटलं, मामा, शहर सोडलं, घर सोडलं, दारातली तुळस सोडली. सोडा म्हटलं ते सगळं मुकाट्यानं सोडलं. आता माणूसही सोडू? कुणी पाहिलं त्यांना बुडताना? तुम्ही पाहिलंत? हे कुंकू पुसायचं तर यांनी येऊन पुसावं, गावानं सांगून मी पुसणार नाही!

म्हातारा रागावला नाही. उठताना एवढंच म्हणाला, की हट्ट चांगला आहे, पण तो कुणाला जेवू घालतोय ते बघ. सोनूबाई पदर डोळ्याला लावून गेली. मला रात्रभर झोप नाही. वाईट वाटलं, पण बोलले त्यातला एक शब्दही मागं घेणार नाही.

२५ ऑक्टोबर

ताट रिकामं.

चाटून पुसून रिकामं. माशाचा काटासुद्धा नाही. सासूबाई आनंदानं धावत आल्या. मला मिठी मारली, लग्नापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, सदा आला होता, माझा सदा जेवून गेला.

चिमीला विचारलं, तू कुणाला पाहिलंस का? हो म्हणाली. बाबा आले होते. बाबांचे केस ओले असतात. बाबा बोलत नाहीत, त्यांच्या तोंडात पाणी आहे.

चार वर्षांची पोर. नऊ महिन्यांत बापाचा चेहरा किती लक्षात राहणार? कुणीही त्या पाटावर बसेल, ती त्याला बाबा म्हणेल.

आज मी त्या ताटात जेवले नाही.

२७ ऑक्टोबर

मागचं दार लावलं. सासूबाईंनी उघडलं. मी पुन्हा लावलं, अडसर घातला. म्हणाल्या, तू माझ्या लेकाची वैरीण आहेस. सोसलं.

ताट वाढू दिलं नाही. पाट उचलून माळ्यावर टाकला.

तरी आलं. अडसर आतून निघालेला, दार उघडं. पाट दाराशी मांडलेला. ओला. चिमी आपल्या वाटीतला भात मुठीनं त्याच्यासमोर ठेवत होती. मी पाठमोरंच पाहिलं. खांदे यांच्यासारखे. सदराही यांचाच वाटला, निळ्या रेघांचा. क्षणभर माझा जीव खालीवर झाला, अहो म्हणून हाक तोंडात आली होती.

मग त्यानं चिमीचं मनगट धरलं. हात पांढरा, फुगलेला. मी किंचाळले. दारात फक्त पाणी.

पोरीच्या मनगटाला मिठाचा पांढरा वळ आहे. धुऊन जात नाही.

२८ ऑक्टोबर

सोनूबाईकडे धावत गेले. म्हणाली, एकदा जेवलं की वाढणं बंद करून भागत न्हाय, आता ताटच पालथं घालाया हवं. तुझ्याच हातानं. न्हाय तर ते घरचंच होईल, आणि घरच्याला पोर न्यायला कोण अडवणार?

मी विचारलं, आणि हे जिवंत असले तर?

तिनं पाटी उचलली आणि बाजाराची वाट धरली.

गाव सोडून जायचं म्हटलं तर सासूबाई जागच्या हलायला तयार नाहीत. आणि मी तरी का जाऊ? एकदा पळाले. पुरे झालं.

३० ऑक्टोबर

सासूबाई म्हणतात, परवा-तेरवा पाडवा. नवऱ्याला ओवाळायचं. तबक घासून ठेवलंय.

म्हणजे ते पाटावर बसणार आणि मी निरांजन घेऊन — माझ्या हातानं —

नाही. जेवण्याआधी हे चित्राहुती घालतात, आईला विचारतात तू जेवलीस का, मगच घास घेतात. हा मेला नुसता गिळतो. माझा नवरा नव्हे तो. त्यांच्या पाटावर बसणारा कुणीही माझा नवरा नव्हे!

ताट पालथं घालणार नाही. ओवाळणारही नाही. तिसरी वाट काढणार.

१ नोव्हेंबर, अमावस्या, लक्ष्मीपूजन

काढली.

दुपारी भरती चढायच्या आत ताट वाढलं आणि यांच्या पाटावर मी बसले. मांडी घालून. चिमीला पदराखाली घेतली. जागाच रिकामी नाही, तर बसणार कुठं?

आलं. उंबऱ्याबाहेर थांबलं. मान वर केली नाही, पाय तेवढे दिसले. नखांत वाळू. शेवाळाचा वास.

घास घेतला. दुसरा घेतला. मोठ्यानं म्हटलं, हे घर भरलेलं आहे, पुढं जा.

उभंच राहिलं. मी जेवत राहिले. पोटात जाईना तरी जेवले, सगळं संपवलं, बोटं चाटली त्याच्यासमोर.

ओहोटी लागली तशी पावलं मागं सरकली.

जिंकले! आता रोज बसेन. हे येईपर्यंत रोज. पाहू कोण आधी दमतं.

२ नोव्हेंबर, पाडवा

पाटावर बसूनच लिहितेय. हात कामात असला की वर बघावंसं वाटत नाही. चिमी मांडीवर. पाणी कुंपणाशी आलंय. सासूबाई तबक घेऊन कोपऱ्यात.

उंबऱ्याबाहेर ते आहे. आज जवळ.

बस म्हणावं तिथंच —

पुढच्या दारी कुणीतरी हाक मारतंय. रस्त्याकडून. माझ्या नावानं. यांचा आवाज —

फसणार नाही. उठणार नाही. तो आता पुढूनही —

खोकला. तोच, तंबाखूचा. आई, जेवलीस का म्हणून विचारलं —



आले! हे आले!!

ओटीवर बसून लिहितेय, अक्षर धड येत नाही. धावत गेले, हात धरला. ऊन हात. कोरडा. पायावर रस्त्याची लाल धूळ. हाडं राहिलीत नुसती. गलबत भरकटून कच्छच्या किनाऱ्याला लागलं, महिनोन् महिने तापात होते, मुंबईला हरेश्वर भावोजींनी पत्ता दिला. आडावर पाय धुताहेत. मी म्हणत होते ना! म्हणत होते ना सगळ्यांना! आता गाव बोलावते, धर्माजीला बोलावते, बघा म्हणावं —

चिमी आतून आली. विचारते, आडावर कोण आहे. म्हटलं, बाबा गं.

म्हणते, नाही. बाबा आत जेवायला बसलेत. आजी ओवाळतेय.

मी उठले. पाट सोडून मी उठले —

यांना सांगितलं आत येऊ नका. ऐकत नाहीत, हसताहेत, म्हणतात भूक लागलीय, ताट वाढ.

ताट पालथं घातलं तर यांचं नाव — आणि नाही घातलं तर —

मी जाते आत. माझं घर आहे. कुणाच्या बापाला —

चिमी कुठं आहे? आत्ता इथं होती. चिमे —