शेजारी ओळखत नाही म्हणाले

७ एप्रिल, मंगळवार
सकाळी पेट्रोल पंपावर मोबाईलवरून पैसे जाईनात. मागे रिक्षांची रांग, हॉर्न. शेवटी बायकोला, कल्पनाला फोन. तिने शिकवते त्या शाळेतूनच पंपावर पैसे पाठवले तेव्हा कुठे सुटलो. ऑफिसला उशीर.
दुपारी बँकेत विचारलं. तुमच्या राहण्याच्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपतेय सर, नवा कागद दिलात की खातं लगेच चालू. बाईंचा आवाज गोड होता.
माझा पासपोर्ट परदेशी, त्यामुळे दरवर्षीचं आहे हे. परवाना अडला की आधार अडतं, आधार अडलं की सिम, सिम अडलं की ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे माणूस नाही. या खेपेला मात्र बायको भारतीय म्हणून मिळणाऱ्या जन्मभराच्या कार्डाचा, ओसीआयचा, अर्ज केलाय. ते आलं की ही दरवर्षीची रांग संपली. आधीच करायला हवं होतं, क. रोज ऐकवते. स्पेलिंगमुळे राहिलं. लग्नाच्या दाखल्यावर साधं धाकू, पासपोर्टवर त्यात दोन सी आणि दोन ओ. ते आता निस्तरलं.
पोलिसांची चौकशी आणि मुलाखत, एवढंच बाकी. हवालदार घरी येऊन जाईल म्हणाले.

९ एप्रिल, गुरुवार
धाकट्या बहिणीचा, देवीचा फोन, मॉरिशसहून. आई मागच्या दारी पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन करावंच लागेल. "दादा, तू येतोयस ना?"
काय सांगू? आता निघालो आणि महिनाअखेरच्या आत परतलो नाही, तर परवाना गेला, अर्ज गेला, तिथल्या वकिलातीत पुन्हा पहिल्यापासून. बायको इथे, नोकरी इथे, आणि मी तिथे व्हिसाची वाट बघत.
बघतो, म्हटलं. या शब्दाला इथे जेवढी जागा आहे तेवढी आमच्या मॉरिशसच्या बोलीत, क्रेओलमध्ये नाही. देवीने फोन आईकडे दिला.
आईशी बोललो. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, तू जेवलास का.

११ एप्रिल, शनिवार
हवालदार काल दुपारी येऊन गेला म्हणे. मी महापेला ऑफिसात, क. शाळेत, सासरे आप्पा पनवेलला. आज ठाण्यात बोलावलं. माणूस सभ्य. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.
"धाकू हे वडलांचं नाव झालं. आडनाव काय?"
"तेच आडनाव. पणजोबांचं नाव होतं. जहाजातून उतरले तेव्हा लिहिणाऱ्याने तेवढंच लिहून घेतलं."
"गाव?"
"रत्नागिरीकडचं कुठलं तरी."
त्याने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही परदेशी कसे?"
हसलो दोघं. पण मग त्याने कागद पुढे सरकवला. समोरच्या दुकानदाराने चांगलं सांगितलंय. शेजारच्या बिल्डिंगचे मालक मात्र म्हणाले, या माणसाला मी ओळखत नाही. तसंच लिहिलंय.
शेजारचे म्हणजे पद्माकरकाका. आप्पांचे सख्खे चुलतभाऊ. दोन बिल्डिंगींमधल्या बोळावर त्यांनी गॅलरी बाहेर काढली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. माझ्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. आमच्या लग्नाला आले नाहीत.
दुसऱ्या कुणाचा जबाब चालेल का विचारलं. "भाडेकरूंचा चालत नाही. आणि एकदा 'नाही' लिहिलं गेलंय ना सर, आता त्यांनीच 'हो' म्हणायला पाहिजे. साहेब विचारणार."
मी रोज त्यांच्या दारावरून स्कूटर काढतो!

१२ एप्रिल, रविवार
घरी सांगितलं. नको होतं सांगायला. आप्पा जेवता जेवता उठले.
"वलखत नाय? त्यो? माज्या जावयाला वलखत नाय?" हात न धुता गॅलरीत जाऊन तिथूनच ओरडायला लागले. क. ने ओढून आत आणलं. "आप्पा, तुमी भांडलात तर तो आणखी काहीतरी लिहून देईल."
मी म्हटलं, मी जाऊन भेटतो त्यांना.
आप्पा माझ्याकडे वळले. मग आप्पा, हळू आवाजात, "त्याचे दारात पाय ठेवलास तं माज्याशी बोलू नको."
माशाची आमटी तशीच राहिली ताटात. माझीही.

१३ एप्रिल, सोमवार
आईचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. देवी एकटी सगळं बघतेय. पुन्हा तोच प्रश्न, या वेळी रागाने.
आप्पा नगरसेवकाकडे जाऊन आले. तो म्हणाला, पोलिसांचं काम, मी मधे पडत नाही.
क. भांडी विसळताना म्हणाली, "जा तू. माझ्या बापाचं मी बघते."

१४ एप्रिल, मंगळवार
सुट्टी. गेलो.
काका पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय गरम पाण्याच्या टबात. गुडघे सुजलेले. माझ्याकडे बघितलं, बस म्हणाले नाहीत. मी आपला उभा.
"मी रमेश. आप्पांचा जावई."
"माहीत हाय."
"मग हवालदाराला ओळखत नाही असं का सांगितलंत, काका?"
ते पाण्यात पाय हलवत राहिले. "हवालदार काय इचारला? वलखता का. मी बोललो, बगतो रोज, वलखत नाय. खोटा कशाला बोलू? सरकारी कागद हाय. तुजा बाप कोन, तू काय काम करतस, पितस का, बायकोला मारतस का, माना काय ठावं? कंदी आलास आमचे घरा?"
तयारी करून गेलो होतो. आप्पांच्या वतीने माफी, आईचं आजारपण, विनवणी. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. माणूस खरं बोलत होता. म्हटलं, "नाही आलो. आता आलोय. विचारा."
तेव्हा म्हणाले, "बस."
काकीने न विचारता चहा आणला. मग काकांनी खरंच विचारलं सगळं. नोकरी काय? म्हटलं, फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतो, त्यांच्या भाषेत. "म्हंजे दिवसभर शिव्या खातस." पितो का? कधीतरी. काकी आतून हसली. बाप? उसाच्या मळ्यात होता, गेला. आई?
"आई मिठागरात. डोक्यावर टोपली घेऊन मीठ वाहायची."
काकांनी पाय पाण्याबाहेर काढले. "तितं मीठ पिकतं?"
मग विषयच बदलला. आमची आगरं दगडी, चौकोनी हौदांसारखी, हे त्यांना पटेना. चिखलाचा तळ नाही तर मीठ धरेल कशाला? त्यांनी स्वतः तरुणपणी खाडीवर आगर तुडवलेलं. ओल्या मातीत तासन् तास पाय मारत तळ घट्ट करायचा. "ते पाय आता असे झाले." पाऊल उचलून दाखवलं, तळव्याला भेगा, टाच दगडासारखी. आईची टाळू अशीच आहे म्हटलं. टोपलीच्या जागी केस उगवले नाहीत पुन्हा.
काकांनी पाऊल खाली ठेवलं. काकीने आणखी चहा ओतला.
जबाबाचं काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. बाहेर पडलो तर आमच्या गॅलरीत आप्पा. बघत.

१६ एप्रिल, गुरुवार
आप्पा बोलत नाहीत. क. मार्फत चाललंय. "त्याना सांग, पानी भरला, मोटार बंद कर." मी समोरच. मोटार बंद केली.
घरात राहायला सासऱ्याने स्वतः बोलावलं होतं, लग्नानंतर. एकुलती मुलगी, वरचा मजला रिकामा. तेव्हापासून माझ्या ताटात आधी मासा, मग बाकीच्यांना. आता ताट वाढतात, पण बघत नाहीत. याचं इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.
हवालदाराला फोन केला. येतो म्हणाला.

१८ एप्रिल, शनिवार
आला!! मी घरीच होतो. काकांच्या पार्किंगमध्ये मलाही बोलावलं.
हवालदार, "ओळखता का यांना?"
"आता वलखतो." आणि सुरू झाले. बाप, पणजोबा, जहाज, ऊस, मीठ, दगडी आगरं. हवालदार लिहितोय, लिहितोय, मग हात झटकून म्हणाला, "काका, वागणूक चांगली, एवढंच पाहिजे."
"ते बी लिव. पन मिठाचं लिव."
लिहिलं त्याने. साहेब वाचून काय म्हणतील कोण जाणे.
घरी येऊन पंख्याखाली आडवा झालो. आठवडाभर मान आखडल्यासारखी होती, ती सुटली. क. ला सांगितलं तर ती शर्टाला डोळे पुसत हसत होती. माझ्याच शर्टाला.
आप्पांनी ऐकलं. मोटार लावायला गेले.

२१ एप्रिल, मंगळवार
आईचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित. देवीचा मेसेज आला तेव्हा मी एका फ्रेंच बाईची वॉशिंग मशीनची तक्रार ऐकत होतो. तिला म्हटलं, मॅडम, एक मिनिट. म्यूट करून जागेवरच बसून राहिलो. शेजारच्या पोराने पाणी आणून दिलं. परत लाईनवर आलो तर बाई म्हणाली, तुमचा आवाज एकदम आनंदी झाला, माझं मशीन दुरुस्त होणार वाटतं.
संध्याकाळी आप्पांनी पहिल्यांदा थेट विचारलं, "आई कशी हाय?"
"बरी आहे."
"हं." मग थोड्या वेळाने, "त्याने चा दिला का तुना?"
"दोनदा."
"गोड असल. त्याचे घरा पयल्यापासून साखर जास्ती." आणि टीव्ही लावला.

२६ एप्रिल, रविवार
काकांचा निरोप, काकीमार्फत: तुझी आई फोनवर दाखव. व्हिडिओ कॉल लावला. आई हॉस्पिटलच्या पलंगावर, उशीला टेकून. तिला मराठी मोजके शब्द येतात, आजीकडून आलेले: पाणी, भाकर, ये, बस, देव. काकांना क्रेओल शून्य. मी मधे दुभाषा म्हणून बसलो, पण मला फारसं काम पडलं नाही. काकांनी फोनसमोर पाऊल धरलं. आईने मान पुढे करून केसांमधली मोकळी जागा दाखवली. मग ती "बस, बस" म्हणाली, बहुधा काका उभे होते म्हणून. काका बसले.
आई नंतर मला म्हणाली, तुझा सासरा चांगला माणूस दिसतो. दुरुस्त करायला गेलो, जमलं नाही. आईला चुलतसासरा कसा समजावणार.

२९ एप्रिल, बुधवार
मुलाखत. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारतात, लग्न खरं आहे का बघायला. क. ला विचारलं, यांना कशाची चीड येते. ती म्हणाली, पंखा बंद केल्याची. मला विचारलं, बायको सकाळी पहिलं काय करते. म्हटलं, पंखा बंद करते. अधिकारी बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तोंडावर हात धरला.
अहवाल चांगला आलाय म्हणाल्या. कार्डाला अजून वेळ लागेल, वरून मंजुरी यायची. पण तोवर परवाना वाढवून दिलाय, जाऊन परत येता येईल. क. ने बाहेर येऊन रस्त्यातच माझा हात धरला. उसाचा रस प्यायलो, बर्फ न घालता. दुसरा ग्लासही.
खातं चालू. ओटीपी आला. कशाचा ते बघितलंच नाही, नुसतं बरं वाटलं.

३ मे, रविवार
तिकीट काढलं. बारा तारखेला निघतो, तीन आठवडे. देवी फोनवर रडली आणि मग यादी सांगायला लागली: पापड, गोडा मसाला, आईला सुती गाऊन. आई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली म्हणे, कुणी सांगितलं नसताना.

६ मे, बुधवार
पद्माकरकाकांच्या नातीची हळद शनिवारी. काकी पत्रिका घेऊन दारात. आमच्या दारात! क. ने आत बोलावलं. काकीने पत्रिका माझ्या हातात दिली. "जावयाला बोलवाया आलू." वर क. चं नाव, माझं नाव. आप्पांचं नाही. पण पत्रिका माझ्या हातात देऊन ती आप्पांकडे बघत उभी राहिली, जरा जास्तच वेळ.
आप्पा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.
ती गेल्यावर मी म्हटलं, आप्पा, मी नाही गेलो तरी चालेल. ते म्हणाले, "तुना बोलवलाय. जा."

९ मे, शनिवार
दुपारपासून शेजारी मांडव, स्पीकरची तपासणी चालू. खिडक्यांच्या काचा थरथरतायत. मी पिवळा कुर्ता घातला, क. ची नऊवारी नेसून झाली. बॅगा अर्ध्या भरलेल्या, पलंगावर पापडाचे डबे.
खाली आलो तर आप्पा आंघोळ करून बसलेले, बनियनवर. एरवी या वेळी झोपलेले असतात. क. ला हाक मारून म्हणाले, "माजा पांडरा शर्ट कुटं हाय?"
क. ने माझ्याकडे बघितलं. तिने शर्ट काढला. चुरगळला होता. मी इस्त्री गरम करायला लावली.
"कॉलर नीट कर," आप्पा म्हणाले.
कॉलर नीट करतोय.