मेलेल्या नायकांच्या शिफारशी

ती. अक्कास,

पाया पडते असं लिहिणार होते, पण वाचनालयाचा जिना चढून चढून माझ्या गुडघ्यांनी वाकणं सोडून दिलं आहे. तेव्हा मनातल्या मनात पडले असं धर आणि आशीर्वाद मात्र पूर्ण दे. तुझा खांदा कसा आहे? शेकतेस का, की शेकायची पिशवी शेजारणीला देऊन टाकलीस? (दिली असणारच. तू दिलेल्या वस्तू परत मागायला मीच यायला हवं.) भावजींचा खोकला थांबला असेल तर बरंच, नसेल तर निदान ते तो ऐकून घ्यायला तुला समोर बसवत नसावेत अशी आशा करते. मी ठीक आहे. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण वय नसून तरुण मुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या आहेत. तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, कारण गेले अडीच महिने मी मेलेल्या माणसांची प्रेमप्रकरणं वाचते आहे.

झालं असं, की आमच्या वाचनालयाला नवे चिटणीस मिळाले. ते दातांचे डॉक्टर आहेत. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गप्प बसतो याची त्यांना सवय, आणि सभेतही ते तीच अपेक्षा ठेवतात. पहिल्याच सभेत त्यांनी शोध लावला, की आपल्याकडे तरुण येत नाहीत. (सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक पंखा, आणि दारात मी. तरुणांनी कशासाठी यायचं?) मग त्यांनी कुठल्याशा यादीवरून तीन खोकी कादंबऱ्या मागवल्या, खिडकीजवळचं कपाट रिकामं करायला लावलं, त्यातली चरित्रं माळ्यावर चढवली आणि मला हुकूम दिला, की दर शनिवारी यातलं एक पुस्तक वाचून फळ्यावर शिफारशीचं कार्ड लावायचं. तुम्ही स्वतः वाचलीत का, असं मी विचारलं. त्यावर ते हसले. दात फार छान आहेत त्यांचे.

अक्का, मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. वाईट पुस्तक मला नवीन नाही. पण वाईट पुस्तकाला निदान आपण वाईट असल्याची थोडी लाज असते. ही पुस्तकं ताठ मानेनं वाईट आहेत. पहिल्यातला नायक एकशे ऐंशी वर्षांपूर्वी तळ्यात बुडून मेलेला आहे. तरी तो रोज कॉलेजात येतो, मागच्या बाकावर बसतो, आणि एवढ्या वर्षांत एकाही प्राध्यापकाला हजेरी घेताना संशय आलेला नाही. तो भिंतीतून आरपार जातो, पण पाऊस आला की नायिकेच्या डोक्यावर छत्री धरतो. भिंत ज्याच्या अंगातून जाते त्याच्या हातात छत्री राहते कशी, हा प्रश्न चारशे बारा पानांत कुणालाही पडलेला नाही. नायिका सतरा वर्षांची आहे. तिला अडखळण्याखेरीज काही येत नाही. ती जिन्यावर अडखळते, गवतात अडखळते, एकदा तर उभ्या जागी अडखळते, आणि दर वेळी तिला सावरायला हा मेलेला गृहस्थ हजर. तिचे आईवडील सतत परगावी. असले आईवडील मला भेटले असते तर मी त्यांची वर्गणी बंद केली असती.

मी खरं तेच कार्डावर लिहिलं. अक्षर न अक्षर देते: “नायक बुडून मेलेला आहे. नायिका त्याच्या डोळ्यांत बुडते. एकूण बुडालेले दोन. वाचकाने तिसरे होऊ नये.” म्हटलं, संपला विषय. सोमवारी दार उघडायला गेले तर जिन्यात मुली उभ्या. पुस्तक पहिल्या पाच मिनिटांत गेलं आणि मागे अकरा नंबर लागले. मला वाटलं कार्ड नीट वाचलं नसेल, म्हणून पुढच्या शनिवारी जास्त स्पष्ट लिहिलं. त्या कादंबरीतला तरुण पौर्णिमेला बिबट्या होतो. मी लिहिलं, “उरलेले दिवस तो माणूस असतो असं लेखिकेचं म्हणणं आहे. पुस्तकात तसा पुरावा आढळला नाही.” एकोणीस नंबर. मुली माझी कार्डं वहीत उतरवून न्यायला लागल्या. एकीनं मला पुस्तक परत देताना सांगितलं, की काकू, पुस्तकापेक्षा तुमचं कार्ड भारी होतं. डॉक्टर स्वतः जिना चढून आले आणि माझं अभिनंदन करून गेले. आयुष्यभर मी चांगली पुस्तकं लोकांच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला तेव्हा कुणी जिन्यात उभं राहिलं नाही, आणि आता शिव्या देते तर रांग लागते. हे मला सहन होईना.

तेव्हा मी एक युक्ती केली. चांगली नव्हे, आधीच सांगते. पुस्तक मारायचं असेल तर त्याची स्तुती करावी, एवढं मला या धंद्यात कळलं आहे. ‘विचारप्रवर्तक’ असं मी ज्याला म्हटलं त्या पुस्तकाला धुळीखेरीज कुणी हात लावलेला नाही. तिसरी कादंबरी होती मृत्यूच्या कचेरीतल्या एका कारकुनाची. हा कारकून दिसायला अर्थातच देखणा (त्या कचेरीत भरतीचे नियम काय आहेत कोण जाणे), त्याला एका मुलीला न्यायला पाठवतात, आणि तो तिच्या प्रेमात पडून रोज काही ना काही सबब काढून परत जातो. एकदा यादीत तिचं नाव चुकीचं लिहिलंय म्हणतो. एकदा शिक्का विसरतो. एकदा शाई संपते. अशा सबबी आमच्याकडे पुस्तक उशिरा आणणारे लोक सांगतात, आणि त्याही यापेक्षा बऱ्या असतात. मी कार्ड लिहिलं: “संयत, विचारप्रवर्तक व संग्राह्य. प्रौढ वाचकांनी अवश्य वाचावे.” मुलींनी वाचलं, एकमेकींकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आता मोजणीदारांचं सांगते. हे निवृत्त आहेत, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि बावीस वर्षं दर गुरुवारी चार वाजता आमच्याकडे येतात. कधीही कपाटापाशी जात नाहीत. फळ्यावर मी जे लिहिलं असेल ते मागतात, नेतात, वाचतात, पुढच्या गुरुवारी आणून ठेवतात आणि म्हणतात, “बरोबर होतं तुमचं.” एवढंच. या वाक्यावर मी बावीस वर्षं काढली आहेत, अक्का. पगारावर नाही. त्या गुरुवारी ते आले, कार्ड वाचलं, आणि ‘संग्राह्य’ ते द्या म्हणाले. मी पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर एक गोरापान तरुण उघड्या छातीनं फाईल धरून उभा. मी ते उलटं करून टेबलावर ठेवलं. नेऊ नका म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर माझं कार्ड खोटं आहे असं म्हणावं लागणार. मी तारखेचा शिक्का मारला. तो तिरका उमटला. ते ‘आभारी आहे’ म्हणून गेले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाहीत. मी चार वाजल्यापासून जिन्याकडे कान लावून बसायची आणि कुणी दुसरंच आलं की त्याच्यावर डाफरायची. मला खात्रीच झाली, की माणसानं पुस्तक उघडलं, काय ते ओळखलं, आणि सभ्य असल्यामुळे भांडायला न येता कायमचा उठून गेला. शेवटी शनिवारी लवकर कुलूप लावलं, एक खरोखरीचं चांगलं प्रवासवर्णन काखेत घेतलं आणि त्यांच्या घरी गेले. रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. (दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करायची सवय, स्वतःचं सुचत नाही.)

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावलेला, उशाशी औषधांचा ट्रे, कोपऱ्यात ऑक्सिजनची टाकी, आणि पलंगावर त्यांची बायको. मला तिच्या दुखण्याचं काही माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी त्या माणसाला घरी कोण असतं हेही विचारलेलं नाही. खुर्चीत मोजणीदार चष्मा लावून मोठ्यानं वाचत होते, आणि काय वाचत होते तर माझं ‘संग्राह्य’. वाचायची पद्धत अशी, की जणू सर्व्हे नंबर वाचून दाखवताहेत. ‘त्याने तिला घट्ट मिठीत घेतले, पूर्वेस खिडकी.’ मला पाहून ते उठले, पुस्तकाला उशीर झाल्याबद्दल त्यांनीच माझी माफी मागितली, दुसऱ्यांदा वाचणं चाललंय म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

ते आत गेल्याबरोबर मी बाईंना सगळं सांगून टाकलं. कार्ड खोटं होतं, पुस्तक भिकार आहे, मी ते मारायला निघाले होते, तुमच्या यजमानांना फसवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दम लागत होता, पण आवाज अजून असा स्वच्छ, की आपण कुठल्यातरी लांबच्या गावाहून बोलतोय असं वाटावं.

“पहिल्या पानावरच कळलं मला,” त्या म्हणाल्या. “पण यांना सांगू नका. आपण फार गंभीर काहीतरी वाचतोय असं वाटतंय त्यांना. रोज दोन तास बसतात माझ्याजवळ. एरवी बसवत नाही त्यांना इथे. उठून नळ दुरुस्त करत बसतात.”

मी म्हटलं, पण त्या कारकुनाच्या सबबी तरी जरा पटण्यासारख्या हव्या होत्या. माझी जीभ, काय करणार. तिथेसुद्धा मी परीक्षण करत बसले. त्या हसल्या, मग खोकल्या, मग नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करून म्हणाल्या, “तीस वर्षं मी लोकांना लाईन बिझी आहे म्हणून सांगितलं. सबब पटावी लागत नाही हो. वेळेवर सुचली म्हणजे झालं.”

मग त्यांनी विचारलं, पुढचा भाग आहे ना. कारण पहिला भाग असा संपतो, की कारकून सहाव्यांदा दारात उभा आहे, वरून साहेब आलेत, आणि त्याच्याकडे आता काहीही उरलेलं नाही. “डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “मला फक्त तो पुढे काय काढतो ते ऐकायचंय.” मोजणीदार चहा घेऊन आले आणि कपबश्या टेबलाच्या कडेपासून सारख्या अंतरावर मांडल्या. पुढचा भाग आहे, असं मी म्हणाले. उद्या आणते म्हणाले. प्रवासवर्णन तसंच काखेत घेऊन परत आले.

वाचनालयात जाऊन खरेदीची यादी काढली. दुसरा आणि तिसरा भाग आमच्या दातांच्या डॉक्टरांनी मागवले होते. त्यांच्यावर लाल पेन्सिलीनं काट मारलेली होती, आणि कडेला लिहिलं होतं, “एक पुरे.” अक्षर माझंच. दुकानदार म्हणतो दीड महिना लागेल. दीड महिन्याचं बोलायला मोजणीदारांच्या घरी कुणाची हिंमत नाही. तर अशी तुझी बहीण, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, भिकार पुस्तकाच्या शोधात दारोदार. अजूनही सांगते, पुस्तक भिकारच आहे. एका बाईला आवडलं म्हणून ते सुधारत नाही. पण त्या बाईंना मी हे परत सांगणार नाही.

खांद्याला जप. जड काही उचलू नकोस, आणि भावजींनी सांगितलं तरी नकोच.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या नातीकडे तिन्ही भाग आहेत. मला माहीत आहे, कारण सुटीत तिच्या उशीखालून मीच ते काढले होते आणि सगळ्यांच्या देखत तिला म्हटलं होतं, की असलं वाचून डोक्याचा भुसा होतो. ती तेव्हा रडली नाही, नुसती उठून गेली, आणि निघताना मला नमस्कार न करता गेली. ते बरोबरच होतं. दुसरा भाग तिच्याकडून मागून कुरियरनं लगेच पाठव. तू मागितलंस तर देईल, माझ्यासाठी म्हणालीस तर देणार नाही, तरी माझ्यासाठी आहे असंच सांग आणि सोबतची चिठ्ठी तिला दे. चिठ्ठी बंद केली आहे. तू वाचू नकोस. मी तिची मावसआजी असले तरी माफी मागायला काही हरकत नाही, एवढंच त्यात लिहिलं आहे. ते लिहायला चार कागद फाडावे लागले.

आणखी ता. क. वाचनालयाच्या पत्त्यावर नको, घरच्या पत्त्यावर पाठव. तिसराही पाठवलास तर चालेल. तिसऱ्यात कचेरीचे साहेब कोण निघतात याविषयी मला एक शंका आहे, ती नातीला विचारू नकोस. मी स्वतः पाहीन.

आणि शेवटचं. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मोजणीदार येऊन गेले. बाईंनी निरोप पाठवलाय, की पुढचा भाग मोजणीदारांनी वाचू नये, मी वाचावा, कारण त्यांच्या वाचण्यात कोण कुणाच्या मिठीत आहे ते कळत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की असली पुस्तकं मी मोठ्यानं वाचत नाही. गुरुवारी चार वाजता जायचं ठरलं आहे. तेव्हा पुस्तक बुधवारी सकाळी माझ्या हातात हवं. कारकुनाचा आवाज कसा काढायचा, त्याची सवय करायला मला एक दिवस लागेल.