सगळ्यांच्या नंतर

बोधगया

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

मी लहान असताना, धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बायांना वाढताना तू म्हणाली होतीस, "पयले सगळ्यायले जेवू दे वं, मंग मी."

येत्या पौर्णिमेला मी बोधिसत्त्वाचं व्रत घेणार आहे. सगळे जीव दुःखातून सुटेपर्यंत आपण एकट्यानं सुटायचं नाही, असं ते व्रत. गुरुजींना विचारलं, "हे पुरं कधी होतं?" ते नुसते हसले. तुला तेव्हा भूक लागत नव्हती का गं?

माझी तब्येत छान आहे. हर्षावहिनी सांगत होती, परवा वाढता वाढता तुला चक्कर आली. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहतेस का?

ऐकणार नाहीस, तरी मागते. त्या पौर्णिमेला तू सगळ्यांच्या आधी जेव.

तुझीच,
कुंदा