नदीला मिळालेल्या डिस्चार्जबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. पुरुषोत्तम बेंद्रे,
वाळवंट महाराष्ट्र मंडळ, चँडलर, ॲरिझोना
(तथा मालक, नदीकाठचा कोळंबी फार्म)

विषय : कोळंबी महोत्सवासाठी तळी उपसून ते पाणी नदीत न सोडण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज व त्यावरील आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

अर्जदार उपासना मेश्राम ही येथील विद्यापीठात नदीतल्या माशांवर संशोधन करते व मंडळाची सभासद आहे.

१. मंडळ अर्ज फक्त मराठीत स्वीकारते. म्हणून अर्जदाराने, जमेल तेवढ्या मराठीत, 'आपल्या फार्मचा डिस्चार्ज नदीला मिळतो' असे कळविले होते. त्यावर 'नदीला डिस्चार्ज मिळाल्याचे वाचून कार्यकारिणीस आनंद झाला, तिची प्रकृती उत्तम राहो' असे उत्तर आले. सोबत श्रीफळही होते.

२. डिस्चार्ज म्हणजे सांडपाणी, असा खुलासा अर्जदाराने लगेच केला. तो खुलासा स्वयंपाक समितीकडे वर्ग झाला. समितीच्या सुलभाकाकूंनी फोन करून, "अगं, भांडी आम्ही डिशवॉशरलाच लावतो, काळजी नको करूस," असे प्रेमाने सांगितले. आता रागवावे तरी कुणावर!

३. सबब सरळच लिहिण्यात येते. कोळंबीच्या तळ्यात उरलेले खाद्य, विष्ठा आणि मीठ साचते. महोत्सवासाठी कोळंबी काढताना सगळी तळी एकदम रिकामी होतात आणि ते पाणी पाइपातून थेट नदीत जाते. मग शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासे तोंड वर काढून तडफडत मरतात. गेल्या वर्षी फार्मखालच्या डोहात मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा आपले सचिव विक्रम म्हणाले, "अरे यार, डेझर्टमध्ये नदीला पाणी देतोय, थँक्यू म्हणा." वर मंडळाने आपणांस 'जलदाता' पुरस्कार दिला. टाळ्या अर्जदारानेही वाजवल्या, कारण फोटो निघत होता.

४. त्या डोहात वाचलेले थोडे मासे अर्जदाराने रीतसर परवानगीने आणून घरच्या बाथटबमध्ये ठेवले आहेत. त्यामुळे नागपूरहून आलेल्या तिच्या मातोश्री जाईबाई स्वयंपाकघरात बादलीवर आंघोळ करतात. त्यांची तक्रार नाही. परवा एक मासा दगावला. मातोश्रींनी त्याला गुलाबाच्या कुंडीत पुरले, आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत. अर्जदाराला फार वाईट वाटले, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नसली तरी लिहिले आहे.

५. तरी या शनिवारी तळ्यांचे पाणी नदीत न सोडता आपल्याच आवारात थोपवावे, गाळ खाली बसू द्यावा व तेच पाणी पुन्हा तळ्यांत वापरावे. हे जमत नसेल, तर नदीला दिलेला डिस्चार्ज कार्यकारिणीने ठराव करून रद्द करावा व तिला पुन्हा ॲडमिट करून घ्यावे. पेशंट बरी नाही.

मातोश्री रोज सकाळी टबाशेजारी स्टूल घेऊन बसतात आणि माशांकडे बघत विचारतात, "यांना गं कधी डिस्चार्ज?" घरी जायला माशांना नदी उरणार की नाही, हे शनिवारी आपण ठरवणार आहात.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली सभासद,
उपासना मेश्राम
चँडलर, महोत्सवाच्या आठवड्यातील सोमवार

सोबत : १. डोहातील पाण्याची बाटली (बूच मोकळ्या हवेत उघडावे).
२. श्रीफळ, साभार परत.