कडव्या दिवसांतला राउटर

देवास, शुक्र. २८ ऑगस्ट २००९
पुन्हा इंटरनेट गेलं. खाली भाऊजींचा मंदार कोचिंग चालवतो. त्याचे कॉम्प्युटर, पोरांचे लॅपटॉप, वर आमचा एक. सगळ्यांचा भार त्या डबड्या राउटरवर. मला एकच काम असतं, जर्मनीतल्या निखिलशी बोलायचं. तेवढंच होत नाही.

सोम. ३१
जेवताना हे आपणहून म्हणाले, "बोलेन मी त्याच्याशी. एकदा." निखिलने तिथेच कोर्टात लग्न केलं, मग फोनवर कळवलं. तेव्हापासून घरात पोराचं नाव मीच काय ती घेते. लगेच मेल केला. रविवारी १३ला येतो म्हणाला, व्हिडिओवर. बापलेक तोंड बघून बोलतील.
नवा राउटर हवाच.

मंगळ. १ सप्टें.
सयाजी गेटजवळचं दुकान. दुकानदार: "भाभीजी, एक एंटीना वाला ले जाओ, घर के लिए भोत है." मंदार: "भिया, पूरे कोचिंग का लोड है, दो वाला दिखाओ." तेवढ्यात भाऊजींचा फोन, इंदूरला बघू. झालं! रिकाम्या हाताने परत. या घरात भाऊजींच्या होकाराशिवाय मिक्सरसुद्धा आला नाही.

शनि. ५
मंदारने इंदूरहून आणला एकदाचा. दोन अँटेनांचा. भाऊजींनी खोकं कपाटात ठेवून किल्ली लावली. "श्राद्धपक्ष लागला. कडवे दिन. घटस्थापनेला हळदकुंकू लावून सुरू करू."
म्हणजे पक्षात विकत आणलेला चालतो, लावलेला चालत नाही.
मी म्हटलं, १३ला निखिल...
"पितरांपेक्षा निखिल मोठा का, सुनंदा?"
हे थोरल्या भावापुढे मान खाली घालून भात कालवत होते.

रवि. १३
दिसला. खरंच दिसला. वाळलाय. हे समोर ताठ बसलेले. "बाबा, मला तुम्हाला..." आणि चित्र थिजलं. तोंड उघडं तसंच.
मी खाली धावले. दहा मिनिटं बंद कर रे.
"काकू, टेस्ट चालू आहे ना, बीच में कैसे रोकूं?"
वर आले तर खुर्ची रिकामी. हे गॅलरीत. म्हणाले, त्यानेच बंद केलं. अहो, लाइन गेली! "मला माहीत आहे." काय डोंबल माहीत आहे.

सोम. १४
निखिलचा मेल. चित्र आपल्याकडेच थांबलं होतं, त्याला तिकडे आमचं सगळं दिसत होतं. "बाबा उठून गेले ते मी पाहिलं. आता पुन्हा नको, आई."
ह्यांना दाखवला नाही. न बोलायला आयतं कारण मिळेल.
रडू आलं. भाऊजींचा, मंदारचा, ह्यांचा, सगळ्यांचा राग राग आला.

शुक्र. १८, सर्वपित्री
खीर, वडे, कावळ्याचं पान. भाऊजींनी गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडलं. ज्यांना आम्ही कोणी पाहिलं नाही त्यांचंही. जितं पोर मात्र कुणाला आठवलं नाही.

शनि. १९
राउटरला हळदकुंकू, फूल. वरखाली सगळं पटापट जोडलं गेलं. मंदार: "काकू, एकदम मक्खन!"
निखिलला लिहिलं, लाइन तुटली होती रे, बाबांना कळलं नाही. उद्या ये. उत्तर नाही.

रवि. २०
सकाळपासून उत्तर नाही.
आत्ता हे स्वतः येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. "लाइन नीट आहे ना आज?"
आहे म्हटलं.
"मग येईल." चष्मा पुसतायत.
त्या मेलचं अजून सांगितलेलं नाही. बसू दे.