कमलाबाईंचा चार फुटी फोटो

६ जानेवारी, अमरावती

अकोल्याहून नमुना प्रिंट आली. पलंगावर पसरून पाहिली. कमलाबाईंचा चेहरा मेणाचा. सुरकुत्या वितळल्यासारख्या. ते बोळकं भरून हसणं, ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तिथे नुसता काळा डाग.

प्रशांत कॉलेजात शिकवून आला, दाराशी उभा राहून म्हणतो, "इथून त चांगला दिसते की. लोक दुरूनच पाहतात."

म्हटलं, कमलाबाई दुरून पाहणार नाहीत. भिंतीला नाक लावतील. शेंदूरजनाघाटच्या शेडमध्ये त्यांच्यासोबत ज्या बाया दिवसभर संत्री निवडतात, त्या साऱ्या जीप करून येणार आहेत स्वतःले पाहायले. इतकी वर्षं लोकांच्या लग्नांचे अल्बम केले. हे पहिलं प्रदर्शन माझं. धुरकट काही लागणार नाही.

७ जाने.

शकीलभाईंशी फोनवर वाद. अकोल्याचे प्रिंटवाले, माणूस चांगला. "मशीन बराबर आहे ताई, फाइल छोटी आली." मी म्हणते तीनशे रिझोल्यूशन टाकलं आहे, मीच टाकलं. ते म्हणतात बघा एकदा. मी म्हणते काय बघू?

चिडून फोन ठेवला. मग बघायलाच बसले.

८ जाने.

सापडलं.

कॅमेऱ्यातली मूळ फाइल मी एका प्रोग्रॅममध्ये उघडते, उजेड-रंग नीट करते, मग तिथून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाठवते, बारीक साफसफाईला. पाठवतानाच्या चौकटीत खाली एक खूण असते, साइज लहान करायची. लग्नाच्या अल्बमची पानं मोबाइलवर दाखवायला म्हणून कधीतरी लावली होती. ती तशीच राहिली. म्हणजे हे सगळे फोटो दुसरीकडे गेले तेच एक तृतीयांश होऊन. शेजारी ३०० लिहिलेलं होतं, खरं आहे. पण ३०० म्हणजे इंचात किती ठिपके मांडायचे तेवढंच. ठिपकेच कमी असतील तर? मूठभर पिठाची परातीएवढी भाकर थापली मी.

चार फुटांवर ताणलं की इंचाला चाळीसेक उरतात. पूर्ण फाइल गेली असती तर सव्वाशे. भिंतीवरच्या मोठ्या फोटोला ते पुरतं.

आणि साफसफाई सगळी त्या लहान फायलींवर केलेली. सगळी. अख्खा डिसेंबर.

९ जाने.

शकीलभाईंचा मेसेज. "ताई टेन्शन नका घेऊ, सॉफ्टवेअरनं मोठी करून पाठवली, बघा." उघडली. काय लख्ख! एक एक केस दिसतो. मग कपाळ पाहिलं. कमलाबाईंच्या कपाळावर गोंदण आहे, ठिपक्या-ठिपक्यांचं. सॉफ्टवेअरने त्याची एक जाड रेघ केली, जखमेची खूण असावी तशी.

प्र. म्हणे, तेवढं तू हातानं सुधारून घे.

"आणि बाकीचं? गालाची कातडी कोनाची आहे ही? त्यानं मनानं भरली आहे."

"कोनाले समजते?"

मले समजते. शकीलभाईंना कळवलं, नको. पहिल्यापासून करते.

११ जाने.

सुरू केलं. पाठवायच्या चौकटीतली खूण काढली, रंगांची खोली सोळा बिट, रिझोल्यूशन तेच. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर आधी लांबी-रुंदीचे पिक्सल वाचायचे, मगच हात लावायचा. कागदावर लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवलं.

मोठ्या फाइलवर काम करायला वेळ लागतो, लॅपटॉप धापा टाकतो. पण काय काय दिसतं! नखांत अडकलेली संत्र्याची साल. एकीच्या पोलक्याला लावलेली पिन. मागे पडलेल्या संत्र्यांच्या कॅरेटवरचं अर्धं नाव. हे माझ्याच कॅमेऱ्यात होतं आणि मीच पाहिलं नव्हतं.

प्र. डोकावून गेला. "सगळे करतेस?"

सगळे.

१४ जाने., संक्रांत

तिळाचे लाडू विकतचे. सासूबाईंनी मोर्शीहून प्र.च्या फोनवर ऐकवलं. ऐकून घेतलं.

निम्म्याहून जास्त झाले.

१५ जाने.

कमलाबाईंची मूळ फाइल नाही.

दिवाळीत जुना लॅपटॉप बसला, तेव्हा त्यांचे फोटो काढले त्या दिवसाचं एकच कार्ड दुसऱ्या डिस्कवर उतरवलेलं नव्हतं. ते त्याच्यातच होतं. दुरुस्तीवाल्याकडे आज पुन्हा गेले. तो म्हणाला, "मॅडम, गेलं ते. आता नका आशा धरू." कमलाबाई उरल्या त्या फक्त लहान, दिवाळीआधीच दुसऱ्या डिस्कवर गेलेल्या आणि डिसेंबरात साफ केलेल्या.

घरी आल्यावर रडले थोडी. मग शेडवाल्यांना फोन लावला, पुन्हा फोटो काढायला येते म्हणून. तर कमलाबाई पोरीकडे गेल्या, तेल्हाऱ्याला.

प्र. म्हणाला, दुसऱ्या कुणाचा मोठा लाव. वाईट नाही सल्ला. पण नाही. मी जाणार तेल्हाऱ्याला.

१८ जाने., तेल्हारा

पोरीच्या घरी, पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. कमलाबाई ओट्यावर बसलेल्या. मला पाहून हसल्या आणि मी थांबलेच.

दात! वरचे-खालचे, पांढरेशुभ्र.

"जावयानं करून देल्ली कवळी," म्हणाल्या. "आता भुईमूगबी खातो मी."

जुना फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी लांब धरून पाहिला. हसू गेलं.

"हा मोठा करून रायली तू? भिताडावर?"

"हो."

"नोको वं बाई. बोयकी म्हनतीन मले लोकं. तवा दात नोते, आता हायेत. मंग आताचा लाव न."

मी समजावलं. हे हसणं पुन्हा येणार नाही, किती सुंदर दिसता. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुले सुंदर वाटते. थोबाड मायं हाय."

मोबाइल ठेवून कॅमेरा हातात घेतला.

फोटो काढायला लागले तर ओठ घट्ट मिटून बसल्या, आधार कार्डासाठी बसतात तशा. पुष्कळ काढले. मग पोरीवर ओरडल्या, "सुनीता, चा कावून नाई ठेवला अजून? बाई कवाची येऊन बसली!" तेवढ्यात एक मिळाला. हसत नाहीत. हुकूम सोडून राहिल्या आहेत.

येताना अकोल्याच्या बसमध्ये तोच पाहत बसले.

२० जाने.

नवा फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण मापाने पाठवला. दोनदा तपासलं. चार फुटांवर गोंदणाचा ठिपका न् ठिपका सुटा. कवळीवर अंगणातला उजेड. बाई अशी समोर बघते की आपण चहा ठेवायला उठावं.

जुना त्याच्याच मापात, ताणल्याशिवाय, घरच्या प्रिंटरवर काढून पाहिला. तळहातापेक्षा थोडा मोठा. एवढाच मावतो, पण लख्ख आहे. आणि ते हसू.

जुना लहान लावायचा म्हटलं तरी त्यांनी नको म्हटलं आहे. न विचारता लावणार नाही. सुनीताच्या मोबाइलवर मात्र पाठवून दिला, त्यांच्याजवळ असावा म्हणून. प्र. म्हणतो, त्यांना कुठे कळणार, दोन्ही लाव. प्र.शी आज बोलणं बंद.

२२ जाने.

बाकी सगळ्या प्रिंट झाल्या. शकीलभाईंनी एकेक उलगडून व्हिडिओवर दाखवल्या. पिनसुद्धा दिसते! "अब मजा आया ताई," म्हणाले. मग, "कमलाबाई कोनती टाकू? उद्या मशीन दुसऱ्या कामाले जाते."

सुनीताला फोन केला. सगळं सांगितलं. मोठा दातांचाच, तुमच्या मनासारखा. पण जुना तेवढासाच, खाली कोपऱ्यात लावला तर चालेल का, आईला विचार. नाही म्हणाल्या तर नाही.

थोड्या वेळाने तिचा उलटा फोन. "ताई, तुमी पाठवला तो जुना फोटो आई सकायपासून पाहून रायली. आतमंदी जाऊन बसली मोबाइल घेऊन. मी इचारलं त म्हने, त्या बाईले सांग, उद्या सांगतो."

शकीलभाईंना दोन्ही फायली पाठवल्या. म्हटलं, मशीन गेली तर जाऊ द्या, मी सांगेपर्यंत एकही टाकू नका.